तीनशे बारावी जवारी

रेणुका भोसेकरच्या दुकानावर नावाच्या पाटीखाली आणखी एक लहान पाटी होती : 'येथे वाचले जाते. भरले जात नाही.' मिरजेत नव्याने आलेल्याला तिचा अर्थ लागत नसे आणि जुन्या गिऱ्हाइकांना तो पटत नसे.

त्या दिवशी सकाळीच एक गृहस्थ पुराच्या पाण्यात राहिलेले स्मृतिकार्ड घेऊन आले होते. त्यात त्यांच्या लग्नाची छायाचित्रे होती. रेणुकाने एका समूहचित्रातले नऊ चेहरे वाचून दिले.

"बाकीचे एकतीस?"

"ते वाचता येत नाहीत."

"पलीकडच्या दुकानात तर सगळे येतात."

"येतात. पण आलेली माणसं तुमच्या लग्नाला होती की नाही, हे त्या दुकानाला ठाऊक नसतं."

गृहस्थांनी कार्ड खिशात टाकले आणि ते पलीकडच्या दुकानात गेले.

अनुमानपूर्ती बाजारात येऊन तेव्हा, म्हणजे २०३९ साली, नऊ वर्षे झाली होती. कल्पना साधी होती. साठवणीचे कोणतेही माध्यम कधीतरी झिजते. वाचक यंत्र त्यावरचे जे वाचता येईल ते वाचते. जे वाचता येत नाही तिथे, आजूबाजूच्या नोंदींवरून सर्वांत संभाव्य काय असेल ते काढते आणि त्या जागी बसवते. वाचलेल्या भागाला 'वाचित' आणि बसवलेल्या भागाला 'अनुमित' म्हणावे, अनुमित भागावर खूण असावी, असा नियम होता. खूण असेही, कोपऱ्यात, मोहरीएवढा राखाडी ठिपका. पहिले वर्षभर लोकांनी तो पाहिला. पुढे फोनच जुनी छायाचित्रे आणि आवाज न विचारता दुरुस्त करू लागले, तेव्हा ठिपक्याकडे पाहणे बंद झाले. रेणुकाकडे तिच्या आईचे चौदा ध्वनिसंदेश होते. फोन बदलताना त्यांवरचे ठिपके पुसले गेले. त्यांतला कोणता संदेश पूर्णपणे आईचा, हे तिला आता सांगता येत नव्हते. चुंबकशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या आणि बारा वर्षे प्रयोगशाळेत मापने केलेल्या बाईला हे सांगता येऊ नये, याबद्दल ती कोणाशी बोलत नसे. तिने पाटी लावली होती.

दुपारी दुकानासमोर रिक्षा थांबली. उतरवलेली वस्तू तंबोऱ्याच्या गवसणीत होती, पण आकार तंबोऱ्याचा नव्हता. ती धरून एक पन्नाशीकडे झुकलेली स्त्री पुढे आली आणि तिच्यामागून एक वृद्ध गृहस्थ. त्यांच्या उजव्या हाताचा अंगठा कानस चालवून चालवून शिंपल्यासारखा गुळगुळीत झाला होता.

"मी याकूब मुल्ला. तंबोरे करतो," ते म्हणाले. "ही माझी मुलगी, नसीम. बाई, हा डबा चालू करायचाय. तीस वर्षं झोपलाय."

नसीमने गवसणी काढली. आत २००४ सालचा, पिवळट पडलेला संगणक होता. त्या काळी असे संगणक टेबलावर किंवा टेबलाखाली उभे ठेवत. रेणुकाने अशी पेटी चार वर्षांत पाहिली नव्हती.

"आत काय आहे, चाचा?"

"तंबोरे."

"अब्बा, नीट सांगा ना," नसीम म्हणाली, आणि मग तिनेच सांगितले.

तंबोऱ्याच्या तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीचा माथा कानशीने घासून त्याला केसाहून बारीक उतार देतात. तार त्या उताराला चाटत कंप पावते आणि एका स्वरातून अनेक स्वर उमलतात. तिलाच जवारी म्हणतात, आणि ती कोणत्याही मापपट्टीने लावता येत नाही. नसीमचा थोरला भाऊ मुश्ताक अठरा वर्षांचा असताना त्याने हा संगणक आणला आणि ठरवले, की घरातून जाणाऱ्या प्रत्येक तंबोऱ्याची जवारी ध्वनिमुद्रित करून ठेवायची. घराचा नियम असा होता : तारा छेडल्या की नाद पूर्ण विरेपर्यंत कोणी बोलायचे नाही. तो विरला की याकूबचाचा एकच शब्द बोलत. 'बरोबर', किंवा 'परत'. त्यानंतरच मुश्ताक ध्वनिमुद्रण थांबवी.

"ह्या डब्याचा पंखा लई घुमायचा," याकूबचाचा म्हणाले. "तंबोऱ्यात मिसळायचा. मग मुश्ताक तेवढ्यापुरती डब्याला गवसणी घालायचा."

"चालू असताना?"

"मग काय, बंद असताना घालून काय उपयोग?"

चालू संगणकाला कापसाचे अस्तर असलेली गवसणी घालणे ही चूक मिरजेबाहेर कोणी केली नसती, एवढे रेणुकाच्या मनात आले.

"आणि शेवटचं ध्वनिमुद्रण?"

नसीमने वडिलांकडे पाहिले. ते दुकानातल्या एका बंद मापकाकडे पाहत होते.

"मुश्ताकनं बंगळुरूला नोकरी धरली," ते म्हणाले. "विजेचे तंबोरे करायचा कारखाना. पुस्तकाएवढी पेटी. कळ दाबली की चारी तारा. मी म्हटलं, माझ्याच गळ्याचा दोर वळायला निघालायस. त्यावर तो काय बोलला न्हाई. जायच्या आदल्या दिवशी मला हाक मारली. एक जनानी तंबोरा होता, बायकांच्या पट्टीचा. तीनशे बारावा. म्हणाला, अब्बा, ह्याची जवारी मी लावलीया, ऐका."

"तोपर्यंत त्यानं कधी लावली नव्हती?"

"मी लावू दिली नव्हती." त्यांनी काढून ठेवलेली गवसणी सरळ केली. "ऐकली. नाद विरला. त्याच्याफुडं काय झालं ते मला ठाऊक हाय आणि ठाऊक न्हाई. मला वाटतंय, मी काय न बोलता उठलो. पण हिची अम्मी, जैनब, ती आत चुलीपाशी होती. ती म्हणायची, तुम्ही 'बरोबर' म्हणालात. मी माझ्या कानानं ऐकलं."

"भाई अकरा आठवड्यांनी तिकडे रस्त्यावर अपघातात गेला," नसीम खालच्या आवाजात म्हणाली. "मधल्या काळात अब्बा त्याच्याशी फोनवर बोलले नव्हते."

"तीस वर्षं मी जैनबचं ऐकलं," याकूबचाचा म्हणाले. "तिनं ऐकलंय म्हणजे म्हटलं असेन. औंदा रमजानच्या आधी ती गेली. साक्षीदारच राहिला न्हाई, बाई. आता हा डबा तेवढा हाय."

रेणुकाने पेटीवर हात ठेवला. "मी वाचायचा प्रयत्न करीन. वाचता आलं नाही तर तसं सांगीन. मधलं काही घालणार नाही."

"तेच पायजे. पण ऐकणार ह्याच डब्यातनं. ह्याचा आवाज मला ठाऊक हाय. दुसऱ्या कशातनं ऐकवलंत तर मी मानणार न्हाई."

संगणक उघडल्यावर मृत्यूचे कारण शोधावे लागले नाही. पंख्याच्या पात्यांत कापसाचे तंतू आणि लाकडाचा भुसा यांचा नमद्यासारखा थर बसला होता. हार्डडिस्कमध्ये चुंबकीय लेप दिलेल्या दोन चकत्या असतात आणि त्यांच्या पृष्ठभागापासून धुळीच्या कणाहूनही कमी अंतरावर वाचनशीर्ष तरंगत असते. उष्णतेने ते अंतर मोडले होते. शीर्ष चकतीला टेकले आणि टेकलेल्या अवस्थेत काही काळ फिरत राहिले. वरच्या चकतीवर चंद्रकोरीसारखा ओरखडा होता. तो नुसत्या डोळ्यांनी दिसत होता, आणि जो ओरखडा डोळ्यांना दिसतो त्यात काही हजार नोंदी गेलेल्या असतात.

रेणुकाने चकत्या धूळमुक्त कपाटातल्या वाचकावर चढवल्या. तीन दिवसांत तीनशे अकरा ध्वनिमुद्रणे बाहेर आली. प्रत्येकाच्या आरंभी एका तरुणाचा आवाज क्रमांक, तंबोऱ्याचा प्रकार आणि पट्टी सांगत होता. शेवटी एका प्रौढ माणसाचा एकच शब्द होता. तीनशे बारावे सूचीत नव्हते.

चौथ्या दिवशी ते सापडले आणि ते सूचीत का नव्हते हेही कळले. ते कधी थांबवलेच गेले नव्हते. ध्वनिमुद्रण थांबवले की ती प्रणाली क्रमांक आणि तारीख विचारी, आणि चौकट भरल्यावर फाइल बंद करून तिचे नाव सूचीत घेई. इथे चौकट भरली गेली नव्हती. संगणक एक तास पन्नास मिनिटे एका खोलीतली शांतता नोंदवत राहिला, गवसणी अंगावर तशीच असताना, आणि तसाच जळाला.

नसीम त्या दिवशी शाळेतले आपले तास शिकवून आली होती. यंत्राची पहिली फेरी नुकतीच पूर्ण झाली होती. या फेरीत वाचित आणि अनुमित हे दोन्ही थर एकत्रच बाहेर पडतात. दुसरा थर रेणुका मागाहून पुसून टाकी. नसीम मागे उभी आहे हे लक्षात येण्यापूर्वीच तिने कळ दाबली होती.

'क्रमांक तीनशे बारा. जनानी. काळी चार.' मग तारा. चार तारा, दोन आवर्तने, आणि नाद खोलीच्या कडांपर्यंत जाऊन सावकाश मागे येत गेला. तो पूर्ण विरला. आणि प्रौढ आवाज म्हणाला, 'बरोबर.'

नसीम खाली बसली. तिने पदराने डोळे टिपले नाहीत.

"म्हणाले होते," ती म्हणाली. "अम्मी बरोबर होती."

"नसीमताई, तो शब्द वाचलेला नाही."

"म्हणजे?"

रेणुकाने पडद्यावरचा ठिपका दाखवला. "नाद विरल्यावरचे सात सेकंद ओरखड्यात गेले आहेत. त्यातलं यंत्राला काहीच दिसलेलं नाही. त्यानं आधीची तीनशे अकरा ध्वनिमुद्रणं पाहिली. तीनशे नऊंमध्ये 'बरोबर' आहे, दोनांमध्ये 'परत'. त्यावरून त्यानं ठरवलं. संभाव्यता नव्व्याण्णव पूर्णांक चार टक्के."

"मी गणित शिकवते, मॅडम. नव्व्याण्णव टक्के म्हणजे काय ते मला कळतं."

"मग मला एक सांगा. त्या तीनशे अकरांपैकी किती जवाऱ्या तुमच्या भावानं लावल्या होत्या?"

नसीमने पडद्यावरची सूची वरपासून खालपर्यंत पाहिली.

"एकही नाही," रेणुका म्हणाली. "चाचा तीनशे नऊ वेळा स्वतःच्या कामाला बरोबर म्हणाले आहेत. यंत्राला हा फरक ठाऊक नाही. ज्या प्रसंगाबद्दल आपण विचारतोय, त्याचा नमुना त्याच्याकडे एकसुद्धा नाही. वर्गात याला तुम्ही काय म्हणाल?"

"शून्य गुण देईन." नसीम म्हणाली, "पण अब्बा वर्गात नाहीत. ते अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. रोज फजरच्या नमाजनंतर मला एकच विचारतात, बाईंचा फोन आला का. मॅडम, त्यांनी तो शब्द म्हटला नाही, असं तुम्ही खात्रीनं सांगू शकता?"

"नाही."

"मग द्या ना हे. कोणाचं काय जातंय?"

रेणुकाला आईचे चौदा संदेश आठवले. "ते एकदा ऐकतील," ती म्हणाली, "त्यांचं समाधान होईल. दुसऱ्यांदा ऐकतील. त्यानंतर त्यांना स्वतःचं जे आठवतंय, उठून गेल्याचं, ते पुसलं जाईल. ते खरं असो वा खोटं, त्यांच्यापाशी तेवढंच तर आहे. मला दोन आठवडे द्या."

"दोन आठवड्यांनी काय होईल?"

"कदाचित काहीच नाही."

ओरखड्याने चुंबकीय लेप खरवडून नेला होता, पण सर्वत्र सारखा नाही. चकतीवर नोंद ज्या वर्तुळाकार मार्गाने लिहिली जाते, त्या मार्गाच्या कडांना काही ठिकाणी लेपाची झालर शिल्लक होती. प्रचलित वाचक मार्गाच्या मध्यावरून धावतात. कडांकडे पाहत नाहीत. रेणुकाकडे प्रयोगशाळेतून निवृत्त झालेला एक सूक्ष्मचुंबकदर्शक होता. त्याचे टोक इतके बारीक होते की ते एका वेळी एकाच नोंदीची दिशा पाही : उत्तर की दक्षिण. एका सेकंदाचा आवाज मिळवायला त्याला दोन दिवस लागत. वेग वाढवायचा उपाय नव्हता. तिने टोक पहिल्या नोंदीवर आणले आणि काम चालू केले.

मधल्या दिवसांत तिने संगणकच दुरुस्त केला. मृत हार्डडिस्कच्या जागी काय घालायचे हा प्रश्न होता, कारण तसली डिस्क वीस वर्षांत कोणी बनवली नव्हती. चाळीस टाचण्यांची जुनी जोडणी आणि तळहातावर मावणारे आजचे स्मृतिकार्ड यांच्यामध्ये तिने एक दुभाषी परिपथ बसवला. कार्डाला फिरणारे भाग नव्हते. संगणकाला मात्र ते कळू द्यायचे नव्हते. तो विचारी, चकती गतीला आली का? कार्ड उत्तर देई, आली. मदरबोर्डवरचे सहा फुगलेले कपॅसिटर बदलले. पंखा नवा घातला. घड्याळ चालू ठेवणारी नाण्याएवढी बॅटरी बदलली. वीज दिल्यावर काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरे उमटली आणि संगणकाने आजची तारीख सांगितली : १ जानेवारी २००३. त्याला जे ठाऊक नव्हते तिथे तो आरंभापासून मोजत होता. रेणुकाला ती पद्धत अनुमानपूर्तीपेक्षा प्रामाणिक वाटली. तारीख तिने तूर्त तशीच ठेवली.

चौदाव्या दिवशी सात सेकंदांपैकी सहा पूर्णांक सहा दशांश सेकंद हाती आले. उरलेल्या चार दशांश सेकंदांत लेपच नव्हता. तिथे तिने काही ठेवले नाही.

तिने ते तीन वेळा ऐकले. मग वहीत निष्कर्ष न लिहिता फक्त क्रम लिहिला. नाद विरतो. एक सेकंद शांतता. वस्त्राची सळसळ. तीन पावले, दूर जाणारी. चार दशांश सेकंद वाचता आलेले नाहीत. दार. पुन्हा शांतता. एक शब्द, हळू, ध्वनिग्राहकाच्या अगदी जवळून. त्यापुढचा भाग ओरखड्याबाहेर होता आणि पहिल्याच दिवशी वाचला गेला होता : चारी तारांवरून एकदा फिरवलेली बोटे, आणि खोली.

अनुमित थराची पहिली फाइल अजून यंत्रावर होती. रेणुका ती रोजच्या शिरस्त्याप्रमाणे पुसायला गेली आणि तिने हात मागे घेतला. त्या फाइलमध्ये एक म्हातारा निवांत झोपू शकला असता. दिवसभर ती तशीच राहिली. संध्याकाळी दुकान बंद करण्यापूर्वी तिने ती पुसली, आणि पुसल्यावर बरे वाटेल ही अपेक्षा चुकीची ठरली.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास ती संगणक घेऊन मुल्लांच्या घरी गेली. पुढची खोली कामाची होती. भिंतीला टेकून भोपळे, रंगाची वाट पाहणारे दोन तंबोरे, आणि कोपऱ्यात संगणकाचे जुने टेबल. नसीमने रजा घेतली होती. संगणक चालू झाला तसे याकूबचाचांनी मान तिरकी केली.

"पंखा पूर्वी काळी चारला घुमायचा. आता उतरलाय."

"पंखा मी नवा घातला आहे, चाचा."

"मग नवाच उतरलेला दिलाय तुम्हाला. परत करा त्याला." ते जमिनीवर बैठक मारून बसले, जिथे ते नेहमी बसत असावेत. "लावा."

"आधी सांगते. सात सेकंद खराब होते. त्यातले चार दशांश अजून रिकामे आहेत, तिथे एक खट्ट ऐकू येईल. बाकी सगळं वाचलेलं आहे. माझं त्यात काही नाही."

"लावा, बाई."

तीस वर्षांनी त्या दोन लहान ध्वनिवर्धकांतून मुश्ताकचा आवाज त्या खोलीत आला. 'क्रमांक तीनशे बारा. जनानी. काळी चार.' नसीमने तोंडावर हात ठेवला. तारा वाजल्या. याकूबचाचांनी डोळे मिटले नाहीत. ते घोडी असेल अशा अंतरावर, हवेत एका जागी पाहत राहिले. नाद विरू लागला. नियमाप्रमाणे कोणी बोलले नाही. तो पूर्ण विरला, वस्त्र सळसळले आणि पावले वाजली.

"ही माझी पावलं," ते म्हणाले.

खट्ट. दार. मग तो शब्द.

'बरोबर.'

बोटे तारांवरून फिरली. खोली शांत झाली. रेणुकाने ध्वनी थांबवला.

नसीम वडिलांकडे पाहत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर अजून आशा होती, कारण तिने शब्द ऐकला होता.

"हा मी न्हवं," याकूबचाचा म्हणाले.

"अब्बा, तुमचाच तर..."

"माझा सूर ह्याच्या खाली. अर्ध्या श्रुतीनं. भिंतीपलीकडनं दोन्ही एकच वाटतात, लोक फोनवर पण फसायचे. जैनब खोटं न्हाई बोलली. तिनं ऐकलं ते ऐकलं." त्यांनी अंगठा दुसऱ्या हाताच्या मुठीत धरला. "मी दारातनं गेल्यावर त्यानं थोडा वेळ वाट बघितली. मग म्हणाला. माझा शब्द होता, नसीम. तो त्याला सोताच घ्यावा लागला."

रेणुकाने खाली पाहिले. तिच्या वहीतल्या क्रमात हे नव्हते. पण क्रमाच्या विरुद्धही काही नव्हते.

"जवारी कशी होती, अब्बा?" नसीमने विचारले.

"आत्ता ऐकलीस न्हवं."

"मला नाही कळत. तुम्ही सांगा."

"चांगली होती. माझ्यापेक्षा उघडी. त्या दिवशी पण ठाऊक होतं मला." त्यांनी गुळगुळीत अंगठा हवेत कानशीसारखा फिरवला. "तो गेल्यावर मी ती घासून काढली. वरनं माझी लावली आणि तंबोरा देऊन टाकला. ह्या डब्याशिवाय ती आता जगात कुठं न्हाई."

हे नसीमला ठाऊक नव्हते. ती उठली, खिडकीपाशी गेली आणि पाठमोरी उभी राहिली.

"बाई," याकूबचाचा म्हणाले, "नाद विरल्यावर, माझी पावलं वाजायच्या आधी, जागा हाय का?"

"कसली जागा?"

"एका शब्दाची."

रेणुकाला प्रश्न कळायला वेळ लागला नाही. "नाही, चाचा. तिथे एक सेकंद शांतता आहे. ती वाचलेली आहे. ती मला पुसता येणार नाही."

"पुसू नका. ती माझीच हाय. मग ते जे रिकामं हाय, खट्ट करतं ते?"

"तिथे शब्द मावणार नाही."

"मग शेवटाला?"

रेणुका पडद्याकडे वळली. शेवटी, त्या एक तास पन्नास मिनिटांच्या शांततेनंतर, जागा होती. ती फाइल कधी बंदच झाली नव्हती. संगणकाच्या दृष्टीने मुश्ताकचे ध्वनिमुद्रण अजून चालू होते, मध्ये फक्त वीज गेली होती. तिथून पुढे नोंद जोडणे हे दोन मिनिटांचे काम होते. आणि ही नोंद अनुमित ठरणार नव्हती. पन्नास वर्षांनी कोणी हे कार्ड वाचले, तर यंत्र त्या शब्दावर ठिपका देणार नाही. कारण तो खराच उच्चारलेला असेल, त्याच माणसाने, त्याच खोलीत, त्याच जवारीला. ज्याच्यासाठी उच्चारायचा तो तेवढा नसेल, आणि ते कोणत्याही वाचकाला दिसणार नाही. आपल्या पाटीवरचे वाक्य या कामाला परवानगी देते की नाही, हे तिला ठरवता येईना.

"शेवटी आहे," ती म्हणाली.

तिने ध्वनिग्राहक जोडला. नसीम खिडकीपासून परत आली आणि कोणी सांगितले नसताना तिने खुर्चीवरची गवसणी उचलून संगणकावर घातली. रेणुकाचा हात अडवायला पुढे झाला आणि अर्ध्यावर थांबला.

"दोनच मिनिटं," ती म्हणाली.

पंखा ऐकू येईनासा झाला. रेणुकाने ध्वनी पुन्हा आरंभापासून लावला. क्रमांक, प्रकार, पट्टी. चार तारा, दोन आवर्तने. नाद विरला, पावले, खट्ट, दार, शब्द, तारांवरची बोटे. ती बोटे थांबली आणि त्यांचाही नाद उरला. रेणुकाने फाइलच्या शेवटापासून ध्वनिमुद्रण चालू केले. याकूबचाचा थांबले. तो अगदी संपेपर्यंत, खोलीत फक्त त्या तिघांचा श्वास राहीपर्यंत ते थांबले.

"बरोबर," ते म्हणाले.

रेणुकाने ध्वनिमुद्रण थांबवले. नसीमने गवसणी काढून छातीशी धरली. पडद्यावर ती चौकट आली, जी मुश्ताकने भरायची ठेवली होती. क्रमांकासमोर रेणुकाने तीनशे बारा लिहिले. त्याखालच्या ओळीत एक उभी रेघ उघडझाप करत राहिली.

ती वळली. म्हातारा अजून त्याच जागी, घोडी असेल अशा अंतरावर पाहत बसला होता.

"तारीख कोणती घालू, चाचा?"